वडिलांच्या 1969 च्या जावाचा मूळ मरून रंग : सोळा महिन्यांच्या वापरानंतर

माझ्या वडिलांनी 1969 साली सांगलीत घेतलेली जावा 250 मोटरसायकल मी गेल्या वर्षी फेब्रुवारीत पूर्ण उघडून, मूळ रंगाशी जुळवून रंगवून घेतली. त्याला आता सोळा महिने होत आले. या काळात गाडी आठवड्यातून तीन-चार दिवस चालली, एक अख्खा पावसाळा तिने अंगावर घेतला आणि कार्यालयाबाहेर दुपारच्या उन्हात ती कित्येकदा उभी राहिली. रंग नवा असताना सगळेच चांगले दिसते, म्हणून मुद्दाम इतके दिवस थांबून हा अनुभव लिहीत आहे.

आयडियल जावा कंपनीने म्हैसूरच्या कारखान्यात 1961 पासून बनवलेल्या या गाड्यांचा मरून रंग ज्यांनी पाहिला आहे, त्यांना तो डोळे मिटूनही आठवतो. टाकीच्या दोन्ही बाजूंना क्रोम, त्याच्या कडेने सोनेरी रेघ, आणि बाकी चेसी, मडगार्ड, टूलबॉक्स, चेनकव्हर, हेडलाइटचे घर असे जवळजवळ सगळे एकाच मरून रंगात. हा एकसंधपणा हेच या गाडीचे रूप आहे आणि रंग जुळवताना नेमकी तीच अडचण होते, कारण शेजारी-शेजारी बसणाऱ्या दहा-बारा भागांपैकी एकाची छटा हलली तरी ती लगेच डोळ्यांत भरते.

आमच्या गाडीचा एकदा अपघात झाल्यावर, 1988 मध्ये, टाकी आणि दोन्ही मडगार्ड गावातल्याच एका ठिकाणी रंगवले होते. तो लाल उजळ होता. चेसी आणि टूलबॉक्स मात्र कारखान्याच्याच रंगात राहिले, पण उन्हाने विटून तपकिरीकडे झुकले होते. म्हणजे एकाच गाडीवर दोन लाल होते आणि दोन्ही चुकीचे. मूळ रंग कोणता, हे ठरवणे हेच पहिले काम होते.

सुरुवातीला मी घाई केली आणि ती मला महागात पडली. एका दुकानात गाडीचे मोबाइलवर काढलेले फोटो दाखवून रंग बनवून घेतला आणि उजव्या टूलबॉक्सवर मारून पाहिला. फोटोत हुबेहूब वाटलेला रंग प्रत्यक्षात विटकरी निघाला. मोबाइलचा कॅमेरा प्रकाशानुसार रंग स्वतःच दुरुस्त करतो आणि लाल-मरून छटांमध्ये तो फार फसवतो. फोटोवरून रंग बनवून देऊ असे कोणी म्हणाले, तर तिथून निघून यावे, असे मी आता ठामपणे सांगतो.

आठवणीचाही भरवसा धरू नये. माझे वडील अठ्ठ्याहत्तर वर्षांचे आहेत आणि त्यांच्या मते गाडीचा रंग ‘पिकायला आलेल्या करवंदासारखा’ होता, म्हणजे बराच काळसर. त्याचा पडताळा अनपेक्षित जागी मिळाला. सीटचे बोल्ट काढून सीट उचलली तेव्हा मागच्या मडगार्डवर एक सरळ रेघ दिसली. रेघेच्या एका बाजूला 1988 चा उजळ लाल आणि दुसऱ्या बाजूला, सीटच्या सावलीत, तळहाताएवढा कारखान्याचा मूळ रंग. त्या वेळच्या रंगाऱ्याने सीट न काढताच रंगाची स्प्रे गन चालवली होती आणि त्याच्या त्या कसुरीमुळे चोपन्न वर्षांपूर्वीचा रंग ऊन न लागता शाबूत राहिला होता. ओल्या फडक्याने धूळ पुसली तर तो करवंदापेक्षा बराच लाल निघाला. वडिलांना बाहेर बोलावून दाखवले. ते बराच वेळ वाकून पाहत राहिले आणि म्हणाले, “हाच तो. मी काळा समजत होतो, पण हाच.”

मूळ रंग शोधायचा तर अशाच जागा पाहाव्यात : सीटखाली, टाकीखालच्या चेसीच्या नळीवर, हेडलाइटची रिंग काढल्यावर आतल्या कडेला, टूलबॉक्सच्या झाकणाच्या दुमडलेल्या पट्टीवर. टाकीच्या वरच्या भागावरून मात्र नमुना कधीच घेऊ नये. तिथे ऊन आणि पेट्रोल दोन्हींनी रंगाची वाट लावलेली असते.

त्यानंतर मी मोटारींचे रंग मिसळून देणाऱ्या एका मोठ्या दुकानात गेलो. तिथे स्पेक्ट्रोफोटोमीटर होता. हे हातात मावणारे यंत्र पृष्ठभागावर टेकवले की परावर्तित प्रकाश मोजून ते रंगाचे आकडे देते आणि संगणक त्यावरून मिश्रणाचे प्रमाण सुचवतो. यंत्राचे तोंड पूर्ण सपाट बसले पाहिजे, नाहीतर बाहेरचा प्रकाश शिरतो. मडगार्ड गोल असल्याने त्यावर दर वेळी आकडे बदलत होते. म्हणून डाव्या टूलबॉक्सच्या झाकणाचा सपाट भाग आधी रबिंग कंपाउंडने हलक्या हाताने घासून वरचा विटलेला थर काढला, तो मडगार्डवरच्या पट्ट्याशी उन्हात ताडून पाहिला आणि मग त्यावर यंत्र टेकवले. झाकण मोजमापाला आणि सीटखालचा पट्टा साक्षीला, अशी विभागणी झाली.

यंत्राने दिलेले प्रमाण ही केवळ सुरुवात असते. पहिले मिश्रण पत्र्यावर मारल्यावर तपकिरी वाटले. रंग मिसळणाऱ्या गृहस्थांनी काळा थोडा कमी केला, जांभळट लाल थेंबाथेंबाने वाढवला, आणि चौथ्या पत्र्याला मनासारखी छटा आली. नमुना कागदावर किंवा काठी बुडवून पाहू नये. तो पत्र्यावरच, गनने, दोन-तीन हात मारून आणि पूर्ण वाळल्यावरच पाहावा, कारण ओला मरून आणि वाळलेला मरून यांत फरक असतो.

इथे एक गोष्ट मला फार उशिरा कळली, पण सुदैवाने वेळेत कळली. झाकणाच्या एका टोकाला 800 च्या वॉटर पेपरने (पाण्यात भिजवून वापरायच्या घासकागदाने) रंग हळूहळू उतरवत नेला तेव्हा झाडाच्या वलयांसारखे थर दिसले : वर मरून, त्याखाली तांबूस रेड ऑक्साइड, त्याखाली पत्रा. आमचे रंगारी नेहमीप्रमाणे करडा प्रायमर मारणार होते. लाल रंगद्रव्ये खालचा थर पूर्ण झाकत नाहीत, त्यामुळे तळाचा रंग वर डोकावतो. एकाच डब्यातला मरून आम्ही दोन पत्र्यांवर मारला. करड्यावरचा थंड आणि मेल्यासारखा दिसला, तांबूस सरफेसरवरचा, म्हणजे रंगाआधी मारायच्या तळाच्या थरावरचा, उबदार. मूळ रंगाजवळ दुसराच होता. ज्यांना लाल, मरून किंवा पिवळा रंग जुळवायचा आहे त्यांनी तळाचा थर आधी ठरवावा आणि मगच छटेचा विचार करावा.

दुसरा निर्णय क्लिअरचा होता. आजच्या गाड्यांवर आधी रंगाचा थर आणि त्यावर पारदर्शक क्लिअर असतो, म्हणून चमक काचेतून पाहिल्यासारखी येते. त्या काळच्या भट्टीत भाजलेल्या इनॅमलची चमक रंगातूनच येत असे. 2018 मध्ये जावा पुन्हा बाजारात आल्यावर तोच मरून तयार मिळेल, असे मला दोघांनी सुचवले होते, पण छटा कितीही जवळ आली तरी क्लिअरखालचा रंग या गाडीवर नवखाच वाटला असता. म्हणून हार्डनर घालून वापरायचा, क्लिअर न लागणारा दोन घटकांचा पीयू (पॉलीयुरेथेन) रंग निवडला. या हार्डनरमध्ये आयसोसायनेट असते आणि त्याची वाफ फुप्फुसांना घातक असते. साधा कापडी मास्क लावून घरच्या अंगणात हे काम कोणीही करू नये. बाहेरून हवा पुरवणारा मास्क आणि बूथ असलेल्या ठिकाणीच ते करून घ्यावे.

फेब्रुवारी निवडला तो कोरड्या हवेसाठी. रंगकाम, लांबी, टाकीचा आतला गंज काढणे आणि सोनेरी रेघा मिळून सुमारे 21 हजार रुपये लागले. क्रोमचा खर्च वेगळा.

आता सोळा महिन्यांनंतरची स्थिती. सर्वांत समाधान चेसी आणि मडगार्ड यांचे आहे. जुलैच्या दुसऱ्या रविवारी, जावा दिवसाला, दिवसभर भर पावसात गाडी चालवली, त्यानंतरही कुठे फोड किंवा पोपडा नाही. पेट्रोलचा थेंब टाकीवर ओघळला तर जुना रंग मऊ पडून फडक्याला लागायचा. हा तसा होत नाही. पहिले दोन महिने चमक थोडी जास्त, प्लॅस्टिकसारखी वाटायची. 2000 चा पेपर आणि बफिंगनंतर ती उतरली आणि आता इनॅमलच्या जवळ आहे. मागच्या महिन्यात त्याच दुकानात पुन्हा आकडे घेतले. मूळ झाकणाच्या तुलनेत रंगातला फरक, ज्याला ते डेल्टा ई म्हणतात, सुरुवातीला 0.9 होता. आता टाकीच्या वर 1.4 आणि टूलबॉक्सवर 1.0 आहे. साधारण एकच्या खाली डोळ्याला फरक सहसा कळत नाही. टाकीचा वरचा भाग किंचित विटायला लागला आहे, हे उघड आहे, आणि गाडी उन्हात उभी करण्याची किंमत मला मान्य आहे.

दोन गोष्टी मनासारख्या झाल्या नाहीत. डावे झाकण मी मुद्दाम मूळ रंगातच ठेवले, कारण वडिलांनी नवी गाडी घेतल्यापासूनचा तेवढाच एक भाग हाताला लागण्यासारखा उरला होता. उन्हात ते झाकण आणि शेजारचे मडगार्ड वेगळे ओळखू येत नाहीत. रात्री मात्र आमच्या इमारतीच्या तळमजल्यावर, पांढऱ्या एलईडीच्या उजेडात, झाकण स्पष्टपणे तपकिरी दिसते. जुन्या आणि नव्या रंगातली रंगद्रव्ये वेगळी असल्याने एका प्रकाशात जुळलेला रंग दुसऱ्या प्रकाशात फुटतो. तपासणीच्या वेळी मी पत्रे फक्त उन्हात आणि दुकानाच्या ट्यूबलाइटखाली पाहिले होते. जिथे गाडी रोज उभी राहते त्या उजेडातही पाहायला हवे होते.

दुसरी उणीव सोनेरी रेघांची. पाट्या रंगवणाऱ्या एका जुन्या कारागिराने लांब केसांच्या बारीक ब्रशने, एका श्वासात एक वळण अशा रीतीने, त्या हाताने ओढल्या आणि त्यांचा डौल स्टिकरला कधीच येणार नाही. पण त्यात वापरलेली सोनेरी पूड तांबे-जस्ताची असते आणि ती हवेने काळवंडते. पेट्रोलच्या झाकणाभोवतीच्या चार बोटे रेघेचा रंग आता जुन्या पितळेसारखा झाला आहे. रेघांपुरता क्लिअरचा एक हात मारला असता तर हे टळले असते.

पुढच्या मडगार्डच्या टोकाला खडीचे तीन टवके उडाले आहेत. आत तांबूस थर दिसतो, करडा नाही, त्यामुळे ते टवके पन्नास वर्षांच्या गाडीवरचेच वाटतात. ते मी भरणार नाही. दिवाळीनंतर हवा कोरडी झाली की रेघा पुन्हा ओढून त्यावर क्लिअर मारून घेणार आहे. चौथा पत्रा, पाठीमागे मिश्रणाचे पूर्ण प्रमाण आणि तळाच्या सरफेसरची नोंद लिहून, सीटखालच्या पोकळीत कापडात गुंडाळून ठेवला आहे.