मेश खुर्ची चांगली, पण गॅस लिफ्टनं जीव नकोसा केला

खुर्ची परत खाली बसायला लागली म्हणून लिहितोय. ऑफिसची खुर्ची आहे: मेश म्हणजे जाळीची पाठ, लंबर सपोर्ट म्हणजे कंबरेला टेका, सिंक्रो टिल्ट म्हणजे मागं रेललं की पाठ आणि सीट दोन्ही झुकतात. साडेअकरा हजार मोजून गेल्या पावसाळ्याआधी घेतली. उद्यमनगरात पॅटर्नची कॅड ड्रॉइंग करतोय, दिवसभर बैठं काम.

मेशला नाव ठेवणार नाही. जुन्या फोमच्या खुर्चीत मे महिन्यात शर्ट पाठीला चिकटायचा, तो त्रास संपला. १९९४ ला हर्मन मिलर ह्या अमेरिकन कंपनीच्या एरॉन खुर्चीनं फोम काढून जाळी ताणली, तेव्हापासून सगळे तेच करतायत, पण ती ३ साइजमध्ये येते आणि आपल्याकडं ह्या बजेटात सगळ्यांना एकच माप.

गॅस लिफ्टचं, म्हणजे सीटखालच्या उंची कमी-जास्त करणाऱ्या गॅसच्या सिलिंडरचं मात्र सांगायलाच पाहिजे. सकाळी उंची लावायची आणि जेवणापर्यंत खुर्ची चार बोटं खाली. एवढ्यानं काय होतंय म्हणाल, पण कोपर टेबलाच्या खाली गेलं की खांदे उचलून माउस धरायला लागतोय, गुडघे वर आले की कंबर मागं गोल होते आणि लंबर सपोर्टचा टेका सुटतो, मग त्या सपोर्टचे पैसे कशाला घेतले? हर्मन मिलरच्याच १९७६ च्या एर्गॉन खुर्चीपासून माणसानं खुर्चीला नाही, खुर्चीनं माणसाला जुळवून घ्यायचं हेच चाललंय की, आणि त्यात पहिली उंचीच.

सर्व्हिसवाले फोनवर आधी माझं वजन विचारत बसले, मग म्हणे सिलिंडर वॉरंटीत नाही. कार्डवर मेकॅनिझमला ३ वर्षं छापलंय, फोटो पाठवला, लई भांडलो तेव्हा बदलून दिला. तसलाच दिला, तोही आता बसतोय.

इथपर्यंत लिहून २ स्टार देणार होतो. पण काल ओळखीच्या रिपेअरवाल्याकडनं क्लास फोर, म्हणजे जास्त मजबूत दर्जाचा सिलिंडर टाकून घेतला. जुना खाली-वर नुसत्या टेपरमध्ये, म्हणजे निमुळत्या भोकात घट्ट अडकलेला असतोय, स्क्रू नाही काय नाही, पाइप पान्यानं पिळून निघाला. नव्याची नळी जाड आहे हे हातात घेतल्यावरच कळतंय. आज दिवसभर खुर्ची जागची हलली नाही आणि संध्याकाळी मान आखडली नाही. नादखुळा! तेवढ्याशा पैशासाठी कंपनीनं हलका सिलिंडर का घालावा?

खुर्चीला ४ स्टार, सर्व्हिसला १. घेणार असाल तर दुकानात सिलिंडर कुठल्या क्लासचा ते विचारा आणि बिलावर लिहून घ्या. आणि जुना सिलिंडर कापायला, भोक पाडायला जाऊ नका, आत प्रेशरचा गॅस असतोय.