टोक कोण घडवणार? पेन पेन्सिल की क्लच पेन्सिल

भाचीनं यंदा आर्किटेक्चरला प्रवेश घेतला आणि पहिल्याच आठवड्यात विचारलं, "मामा, शीट काढायला ०.५ची पेन पेन्सिल घेऊ की क्लच पेन्सिल?" माझ्या खणात चाळीसेक पेन्सिली आहेत, तरी उत्तर द्यायला मला दोन दिवस लागले. शेवटी सहा पेन्सिली तिच्यासमोर मांडल्या आणि म्हटलं, आधी एवढंच ठरव की टोक कोण घडवणार. कारखान्यानं ठरवलेलं टोक हवं, आतल्या चक्रानं फिरवत ठेवलेलं हवं, की तू स्वतः घासून काढलेलं? वजन, किंमत, रंग यांचा विचार त्यानंतर. तुम्हीही पहिली चांगली पेन्सिल घेणार असाल किंवा संग्रहाला सुरुवात करणार असाल, तर याच क्रमानं विचार करा असं मी सांगेन.

दोन्हींतलं शिसं मुळात वेगळं असतं. क्लच पेन्सिलीत, म्हणजे बटण दाबलं की जबडा उघडून अख्खी कांडी सोडणाऱ्या पेन्सिलीत, साधारणपणे २ मिलिमीटरची कांडी बसते आणि ती लाकडी पेन्सिलीसारखीच ग्रॅफाइट आणि माती मळून, भाजून केलेली असते. हेच मिश्रण पेन पेन्सिलीसाठी अर्ध्या मिलिमीटरचं, म्हणजे ०.५चं केलं तर ते हातात धरवत नाही, इतकं ठिसूळ होतं. जपानच्या पेंटेलनं १९६०मध्ये मातीऐवजी रेझिन वापरून शिसं बाजारात आणलं. भाजताना रेझिनचा कार्बन होतो आणि तोच ग्रॅफाइटला धरून ठेवतो. आजची सगळी बारीक शिसं या वाटेनं आली. त्याचा परिणाम कागदावर दिसतो. ०.५च्या २बीची (बी म्हणजे मऊ, काळं शिसं; एच म्हणजे कडक, फिकं; एचबी मधलं) रेघ स्वच्छ, किंचित चकचकीत आणि पहिल्यापासून शेवटपर्यंत सारखी उमटते. २ मिलिमीटरच्या २बीत काळोख जास्त असतो, कागदाचा पोत त्यात उतरतो आणि हात दाबला-सोडला की रेघही बदलते. माझा जीव या दुसऱ्या रेघेवर आहे, हे आधीच सांगून टाकतो.

आता ०.५च्या दोन पेन्सिली. पेंटेलची पी२०५ आणि रोट्रिंगची ६००. पहिली प्लॅस्टिकची, वजन जेमतेम नऊ ग्रॅम. दुसरी षट्कोनी, पितळी अंगाची, तेवीस ग्रॅमच्या आसपास. दोघींना पुढे सुमारे ४ मिलिमीटरची सरळ, स्थिर नळी आहे आणि ती उगीच नाही. पट्टीला किंवा गुण्याला टेकवल्यावर पेन्सिलीचं जाड अंग कडेपासून दूर राहतं, शिसं नेमकं कुठे टेकलंय ते दिसतं. ही नळी नसलेली साधी शाळकरी पेन पेन्सिल ड्रॉइंगला घेऊ नका.

फरक हातात घेतल्यावर कळतो. ६००च्या पकडीवर वर्कशॉपमध्ये ज्याला नर्लिंग म्हणतात तशी दाणेदार कोरणी आहे. मुंबईच्या मे महिन्यात घामेजलेल्या बोटांतूनही ती सुटत नाही. पकडीच्या वरचं कडं फिरवून आत एचबी आहे की २एच ते दाखवता येतं. चार पेन्सिलींत चार शिसं ठेवणाऱ्याला ही सोय किती मोलाची आहे, ते वापरल्यावरच समजतं. आणि ते लाल कडं. 'रोट्रिंग' या जर्मन शब्दाचा अर्थच लाल कडं. पण तीन तास सलग लिहायचं असेल तर तेवीस ग्रॅम अंगठ्याच्या मुळाशी जाणवायला लागतात. तिथे पी२०५ जिंकते. ती हातात आहे हे विसरायला होतं. शिवाय हिच्या घरात जाडीप्रमाणे रंग ठरलेले आहेत: ०.३ तपकिरी, ०.५ काळी, ०.७ निळी, ०.९ पिवळी. टेबलावर न वाचता हवी ती उचलता येते.

जड पेन्सिल पडली की नाकावर पडते. माझ्या हातून एक पितळी पेन्सिल शहाबादी फरशीवर पडली आणि नळी केसभर वाकली. डोळ्याला दिसेना, पण त्या दिवसापासून आतलं शिसं सतत तुटायला लागलं. स्थिर नळीची कुठलीही पेन्सिल शर्टाच्या खिशात उघडी ठेवू नका. खिसा फाटतो, नाहीतर नळी वाकते. रोज प्रवासात नेणार असाल तर नाक आत घेणारी घ्या. रोट्रिंग ८०० पीळ दिल्यावर आत जाते, पेंटेलची ग्राफगियर १००० क्लिप दाबली की मिटते.

युनीची कुरू तोगा मात्र स्वतंत्र विचार करण्याजोगी आहे. साधी ०.५ तिरकी धरून लिहिली की शिसं एका बाजूनं छिन्नीसारखं झिजतं आणि रेघ हळूहळू जाड होते. २००८मध्ये आलेल्या या पेन्सिलीत एक दातेरी चक्र बसवलंय. टोक कागदावर टेकून उचललं की शिसं ९ अंशांनी फिरतं, म्हणजे चाळीस वेळा टेकलं-उचललं की पूर्ण फेरी. म्हणून टोक सगळीकडून सारखं झिजतं आणि अणकुचीदार राहतं. हे जपानमध्ये सुचलं यात नवल नाही. त्यांच्या लिपीत तुटक, आखूड फटकारे फार. (याच देशात तोकुजी हायाकावा यांनी १९१५मध्ये धातूची पेन पेन्सिल बाजारात आणली. १९२३च्या भूकंपात त्यांचा कारखाना गेला, बायको-मुलं गेली. नंतर ओसाकात त्यांनी नव्यानं उभी केलेली कंपनी म्हणजे आपल्या घरातल्या टीव्हीवरचं 'शार्प', आणि ते नाव त्या पेन्सिलीवरूनच आलं.)

मराठीत लिहिणाऱ्याला ही पेन्सिल चांगली मानवते. बाळबोध अक्षरात हात सारखा उचलावा लागतो. काना, वेलांटी, मात्रा, अनुस्वार, प्रत्येक वेळी चक्र एक घर पुढे जातं. मोडी शिकणाऱ्यांना मात्र मी ती देणार नाही. मोडीत शिरोरेघ आधीच आडवी ओढून ठेवतात आणि मग हात शक्य तितका न उचलता अक्षरं जोडत जातात. हातच उचलला नाही तर चक्र फिरणार कसं? हीच अडचण लांब रेघेला. ए१ शीटवर दोन फुटांची रेघ ओढताना कुरू तोगा साध्या पेन्सिलीहून वेगळं काहीच करत नाही, उलट चक्रामुळे टोकाला किंचित लवचीकपणा असतो, तो पट्टीशी काम करताना खटकतो. नोट्स काढायला उत्तम, ड्रॉइंगला नको.

आता क्लच पेन्सिल. मागचं बटण दाबलं की पुढचा जबडा उघडतो आणि अख्खी कांडी मोकळी होते. पहिल्या दिवशी प्रत्येकाची कांडी फरशीवर पडून तुकडे होतात, म्हणून खाली तळहात धरून बटण दाबायची सवय लावून घ्या. स्टेडलरची मार्स टेक्निको ७८० ही मी सुरुवातीला सुचवेन. निळी, हलकी, धातूची पकड, आणि बटणाच्या टोपणात छोटं टोकयंत्रही आहे. पण ते अडीअडचणीचं. खरं टोक काढायला डबीसारखा पॉइंटर घ्या. पेन्सिल त्यात उभी खोचायची आणि गोल फिरवायची, सुईसारखं टोक मिळतं. डबीवर दोन मापाची भोकं असतात, शिसं किती बाहेर काढायचं ते त्यांवरून ठरतं: एका मापाला लांब टोक, दुसऱ्याला जरा आखूड. पॉइंटर नसेल तर पॉलिश पेपरचा तुकडाही चालतो, पण काळी भुकटी शीटवर उडाली की सबमिशनच्या आदल्या रात्री रडू येतं.

हे टोक सतत बोथट होत जातं, आणि तिथेच या पेन्सिलीची मजा आहे. रेघ ओढता ओढता पेन्सिल अंगठा आणि बोटांत हळूच फिरवत न्यायची, की टोक सगळीकडून झिजतं आणि रेघेची जाडी सुरुवातीपासून शेवटपर्यंत टिकते. कुरू तोगाचं चक्र जे करतं, तेच इथे बोटं करतात, आणि लांब रेघेतसुद्धा करतात. जुने ड्राफ्ट्समन न बघता हे करायचे. तिरकं धरलं की याच टोकानं छायाही भरता येते, ०.५ला ते जमतच नाही. दुसरा फायदा काटकसरीचा. पेन पेन्सिलीत शेवटचा सेंटिमीटरभर तुकडा जबड्याच्या पुढे राहतो आणि टाकून द्यावा लागतो. क्लच पेन्सिलीचा जबडा अगदी टोकाशी असतो, त्यामुळे कांडी जवळजवळ संपेपर्यंत वापरता येते.

इंटरमीजिएटची तयारी करणाऱ्या किंवा नुसती स्केचं काढणाऱ्या माणसानं कोह-ई-नूरची ५३४० बघावी. चेक प्रजासत्ताकातली ही कंपनी तिच्यात ५.६ मिलिमीटरची जाड कांडी घालते. बारीक कामाला निरुपयोगी, पण वस्तुचित्राची छाया पाच मिनिटांत उभी राहते. काराँ दाशची फिक्सपेन्सिल दिसायला सगळ्यांत देखणी. १९२९ पासून जिनिव्हात बनते. संग्रहाला जरूर, पहिली पेन्सिल म्हणून नको, तेवढ्या पैशांत बाकीचं सगळं सामान येतं.

पावसाळ्याचंही लक्षात ठेवा. जुलैत कागद ओलावा धरतो, मऊ पडतो, आणि ०.५चं २एच त्यात नांगरासारखं रुततं. खोडलं तरी चर राहतो. त्या दिवसांत मी एक घर मऊ शिसं वापरतो.

भाचीला मी ७८०, पॉइंटरची डबी, एच आणि बीच्या कांड्या, आणि अक्षरं-मापं लिहायला पी२०५ एवढं घेऊन दिलं. ६०० तिनं मागितली होती. दुसऱ्या सेमिस्टरला हात बसल्यावर घे म्हटलं.

संग्रह करायचा असेल तर एकाच पेन्सिलीचे सहा रंग जमवण्याआधी सहा वेगळ्या यंत्रणा जमवा: स्थिर नळी, आत जाणारी नळी, फिरणारं चक्र, २ मिलिमीटरचा जबडा, ५.६चा जबडा, आणि एखादी जुनी पीळ देऊन शिसं पुढे सरकवणारी. जुनी घेताना नळी काचेवर टेकवून पेन्सिल फिरवा. टोक थरथरलं तर नळी वाकलेली आहे. क्लच पेन्सिलीत कांडी घालून टोक लाकडावर दाबा. आत सरकली तर जबडा झिजलेला आहे. प्लॅस्टिकचं अंग असेल तर पकडीच्या आट्यांजवळ नखानं चाचपा, भेग पहिल्यांदा तिथेच जाते.