हेडरवरून मेल चाळणं: पोस्टफिक्स आणि सीव्ह, आठ महिन्यांच्या वापरानंतर

मशीन लातूरला डाळमिलच्या ऑफिसातच आहे. डेबियन १२ (लिनक्स), मेल घ्यायला-पाठवायला पोस्टफिक्स, ती मेलबॉक्सात ठेवायला डोव्हकॉट २.३ आणि त्यावर सीव्हचे नियम चालवणारं पिजनहोल, स्पॅमचे गुण द्यायला आरस्पॅमडी. चाळीसेक मेलबॉक्स आहेत. मेल येते ती आडत्यांची मराठीतली, वाहतूकदारांच्या पावत्या, जीएसटीचे निरोप आणि जाहिरातींचा रोजचा पाला. डाळमिलमध्ये एकाखाली एक चाळण्या असतात, तसे इथं हेडर (मेलच्या माथ्यावरच्या पाठवणारा, विषय अशा ओळी) बघणारे दोन थर लावले: वर पोस्टफिक्सचं हेडर चेक्स, खाली डोव्हकॉटचं सीव्ह, म्हणजे मेल चाळायच्या नियमांची भाषा. आता वरच्या थरात जेमतेम सात ओळी उरल्यात. बाकी सगळं खाली गेलं, आणि ते बरंच झालं.

हेडर चेक्स एका वेळी एकच हेडर बघतं. ‘पाठवणारा अमुक आणि विषय तमुक’ अशी जोडी त्याला लावता येत नाही. अमक्या मेलबॉक्सला सूट द्या म्हणावं, तर तेही नाही. नियम सगळ्यांना लागतो, बाहेर जाणाऱ्या मेललासुद्धा. विषयात इंग्रजी ‘विन’ अडवायला गेलं की अश्विनी नावाच्या प्रत्येक बाईचा अर्ज अडकतो, कारण नावाच्या स्पेलिंगमध्ये तीच तीन अक्षरं आहेत. शब्दाच्या दोन्ही बाजूंना सीमा लावा, नाहीतर असा नियम लिहूच नका.

इथला सगळ्यात फसवा भाग म्हणजे पॅटर्नच्या शेवटचा ‘आय’. इतर ठिकाणी तो लावला की लहान-मोठ्या लिपीचा फरक सुटतो. पोस्टफिक्सच्या तक्त्यात तो फरक मुळातच सुटलेला असतो, आणि ‘आय’ लावला की उलट सुरू होतो. सवयीनं लावलेल्या या एका अक्षरामुळे नियम अर्धाच चालतो आणि लॉगमध्ये चकार शब्द दिसत नाही. पीसीआरई (असे पॅटर्न लिहायची पद्धत) तक्त्यावर पोस्टमॅप ही तक्ता बांधणारी आज्ञा चालवावी लागत नाही, पण डेबियनवर पीसीआरईचं पॅकेज वेगळं टाकावं लागतं. तपासायला खरी मेल फाइलमध्ये साठवा आणि पोस्टमॅपला एच आणि क्यू हे पर्याय देऊन त्यातून काढा. नवा नियम पहिले दोन आठवडे फक्त ‘वॉर्न’वर (नुसती लॉगमध्ये नोंद) ठेवा. नंतरही ‘डिस्कार्ड’ नको, ‘होल्ड’ लावा. रांगेत अशा मेलपुढे उद्गारचिन्ह दिसतं, आणि पोस्टसुपर मोठ्या ‘एच’सह चालवलं की ती सुटते. डिस्कार्ड केलेली मेल गेली ती गेलीच, पाठवणाऱ्याला वाटतं पोचली.

मराठी विषयापुढे हेडर चेक्स सपशेल आडवं होतं. देवनागरी विषय तारेवरून बहुतेक वेळा बेस ६४ या इंग्रजी अक्षर-आकड्यांच्या सांकेतिक रूपात गुंडाळून येतो आणि पोस्टफिक्स ती गुंडाळी उलगडत नाही. ‘पावती’ शोधणारा नियम कधीच लागत नाही. सीव्ह मात्र आधी उलगडतं, मग जुळवतं.

तरी तिथंही एक खोच आहे. ‘शेतकऱ्यांची यादी’ हा विषय घ्या. यातला ‘ऱ्या’ एक जण युनिकोडच्या यू+०९३१ या अक्षरानं लिहितो, दुसऱ्याचा कीबोर्ड साधा र, हलन्त आणि अदृश्य जोडक यू+२००डी असं टाकतो, तिसऱ्याकडून र आणि नुक्ता येतो. पडद्यावर तिन्ही सारखेच. सीव्ह बाइट बघतं, त्याला हे तीन वेगळे शब्द आहेत. म्हणून पूर्ण शब्द जुळवायला जाऊ नका, ‘शेतक’ एवढ्या तुकड्यावर ‘कंटेन्स’ लावा. आकड्यांचंही तसंच: ‘२०२५’ देवनागरीत येईल तसं इंग्रजी आकड्यांतही येईल, दोन्ही लिहा.

आता पाठवणाऱ्याबद्दल. ‘फ्रॉम’वर ‘हेडर’ चाचणी लावली तर ती दाखवायचं नावही वाचते. बँकेचं नाव पुढे आणि फुकटातला पत्ता मागे, अशी मेल मग बँकेच्या फोल्डरात जाऊन बसते. ‘ॲड्रेस’ चाचणी वापरा, ती फक्त पत्ता घेते, आणि तिला ‘डोमेन’ लावा. ‘इज’ (तंतोतंत जुळणी) लावलं तर उपडोमेन सुटतात. ‘कंटेन्स’ लावलं तर खरं डोमेन आपल्या नावाच्या पोटात घालून आलेला भामटाही आत येतो. ‘मॅचेस’ला दोन नमुने द्या: एक अख्खं डोमेन, दुसरा पुढे तारा आणि टिंब असलेला. पत्रिका-जाहिरातींसाठी विषय आणि नावाच्या नादी लागू नका, पत्रिकेच्या यादीची ओळख सांगणारं ‘लिस्ट-आयडी’ हेडर बघा. विषय दर आठवड्याला बदलतो, लिस्ट-आयडी सहसा तोच राहतो.

ज्या हेडरवर आपण निर्धास्त असतो, ते आपल्याच सर्व्हरनं लिहिलंय का हे आधी बघायचं. पाठवणारा खरा आहे का या तपासणीचा निकाल सांगणारं ‘ऑथेंटिकेशन-रिझल्ट्स’ पाठवणाराही लिहून पाठवू शकतो, तुमच्या सर्व्हरचं नाव घालूनसुद्धा. त्या सात ओळींतली एक याचसाठी आहे: आपलं नाव असलेली बाहेरून आलेली अशी ओळ ‘इग्नोर’नं काढून टाकते. नंतर मिल्टर, म्हणजे पोस्टफिक्सला जोडलेला तपासणीचा प्रोग्राम, खरी ओळ लिहितं. तपासणीनंतर मेल परत पोस्टफिक्समध्ये ढकलणारी जुन्या पद्धतीची रचना असेल तर त्या परतीच्या वाटेवर हेडर चेक्स बंद ठेवा, नाहीतर खरी ओळही उडेल.

उन्हाळ्यात लाईट जाते आणि इन्व्हर्टरही बसतो तेव्हा मेल दुय्यम एमएक्सवर (मुख्य सर्व्हर बंद असताना मेल घेणारा सर्व्हर) थांबून मग येते. अशा वेळी जोडणी त्या दुय्यम सर्व्हरच्या आयपीवरून होते, एसपीएफ (मेल ठरलेल्या आयपीवरून आली का ही तपासणी) नापास दिसतं आणि ‘एसपीएफ फेल म्हणजे जंक’ हा नियम चांगल्या मेलचा बळी घेतो. डीकेआयएमची, म्हणजे पाठवणाऱ्या डोमेननं मेलवर केलेली डिजिटल सही मात्र वाटेत मजकूर बदलला नसेल तर टिकते. दोन्ही नापास असतील तरच जंक, असा नियम हवा.

गुणांच्या बाबतीत एक चूक महागात पडते. स्पॅमचा आकडा सीव्हच्या ‘एएससीआयआय-न्यूमेरिक’ या आकड्यांच्या तुलनेनं मोजायला गेलात तर उणे गुण वजाच्या चिन्हानं सुरू होतात, आणि अंकानं सुरू न होणारी कोणतीही गोष्ट ही तुलना अनंत मानते. म्हणजे उणे दोन गुणांची सज्जन मेल थेट जंकमध्ये! आधी ‘वजानं सुरू होत नाही’ ही अट घाला. किंवा आरस्पॅमडीचं ‘एक्स-स्पॅम: येस’ बघून मोकळे व्हा. त्याची मूळ मर्यादा ६ गुणांना हेडर आणि १५ ला नकार अशी आहे.

‘माझा नियम चालत नाही’ ही तक्रार आली की तीन जागा बघा. पोस्टफिक्स मेल डोव्हकॉटच्या एलएमटीपीकडे (मेलबॉक्सात मेल पोचवणारी सेवा) देतं का? डोव्हकॉटबाहेरच्या डिलिव्हरी एजंटकडे देत असेल तर सीव्ह कधी हललंच नाही. फोल्डर अस्तित्वात आहे का? नसेल तर ‘मेलबॉक्स’ विस्तार घेऊन ‘क्रिएट’ लावा. आणि सगळ्यांआधी चालणाऱ्या सामाईक स्क्रिप्टनं मेल आधीच फोल्डरात टाकली का? टाकली असेल तर वापरणाऱ्याची स्क्रिप्ट चालतच नाही. फोल्डरचं नाव ‘बिलं’ असलं तर डिस्कवर ‘अँड’च्या चिन्हानं सुरू होणारी अगम्य अक्षरं दिसतील, ती बरोबरच आहेत.

सीव्हला पाचपैकी साडेचार, हेडर चेक्सला अडीच. डेबियन १३ वर जाणाऱ्यांनी एक लक्षात ठेवा: तिथं डोव्हकॉट २.४ येतं आणि सामाईक स्क्रिप्ट आधी चालवणाऱ्या ‘सीव्ह-बिफोर’सारख्या जुन्या सेटिंग्ज गेल्या, त्या जागी ‘सीव्ह-स्क्रिप्ट’चे ब्लॉक लिहावे लागतात. नियमांच्या फाइली तशाच चालतात. फक्त सामाईक स्क्रिप्टवर सीव्हसी ही कंपाइल करणारी आज्ञा रूट म्हणून परत चालवा. मेलच्या युजरला त्या जागी लिहायची परवानगी नसते, आणि मग दर मेलला स्क्रिप्ट नव्यानं कंपाइल होत राहते.