मुलाच्या ऑपरेशनची तयारी-पेटी: आठ महिने वापरल्यानंतर

पेटीत फार काही नाही. एक कापडी बाहुली, लहान मापाचा पारदर्शक भुलीचा मास्क, सुई नसलेली सिरिंज, चिकट ड्रेसिंगचे काही तुकडे, सहा चित्रपत्ते आणि उपाशी राहण्याच्या वेळा लिहायचा तक्ता. वेगवेगळ्या वयाच्या मुलांसाठी आठ महिने ती वापरल्यावर आमचं मत असं की मास्कसाठी ही पेटी जरूर घ्यावी आणि तक्ता मात्र स्वतः दुरुस्त करूनच वापरावा.

मुलाला भुलीबद्दल कितीही समजावलं तरी तोंडावर काहीतरी येतं तेव्हा ते मान फिरवतं. म्हणून सराव हवा. पहिल्या दिवशी मास्क नुसता हाताळू द्या. मग मुलाने तो मोठ्यांच्या तोंडावर धरायचा, नंतर स्वतःच्या, आधी एका श्वासापुरता, पुढे दहा श्वासांपर्यंत. मास्कचं मागचं भोक झाकू नका आणि जबरदस्तीने एकदाही लावू नका, नाहीतर आधीचा सगळा सराव वाया जातो. प्रत्येक मुलासाठी मास्क वेगळा ठेवा. "छान वास येईल" असं वचन देऊ नका. भुलीच्या वायूचा वास मुलांना बऱ्याचदा स्केचपेनसारखा वाटतो, तेच सांगावं.

चिकट ड्रेसिंग पाकिटात बघताना फालतू वाटतं, पण फार उपयोगी आहे. सुईची जागा बधिर करणारं लिडोकेन-प्रिलोकेनचं क्रीम (दोन्ही २.५ टक्के) ड्रेसिंगखाली साधारण ६० मिनिटं राहावं लागतं. घाईत पंधरा मिनिटांत काढलं तर सुई जवळजवळ तशीच टोचते, आणि मग क्रीमवरचा मुलाचा विश्वास उडतो. पहिली शीर मिळाली नाही तर अडू नये म्हणून क्रीम दोन जागी लावतात. कुठे आणि किती लावायचं ते डॉक्टरच ठरवतील, लहान बाळांच्या बाबतीत तर नक्कीच. अनेक मुलं सुईपेक्षा ड्रेसिंग ओढण्यालाच जास्त रडतात. ते वर उचलून न काढता कडेला धरून त्वचेला समांतर ताणावं, म्हणजे आपोआप सुटतं. ही युक्ती घरी दोनदा करून दाखवा, तिसऱ्यांदा मुलालाच काढू द्या.

चित्रपत्ते कधी दाखवायचे हे पेटीवर लिहिलेलं नाही, ही मोठी उणीव. तीन वर्षांपर्यंतच्या मुलाला आदल्या दिवशी पुरे, चार-पाच वर्षांच्याला दोन-तीन दिवस आधी, सहाच्या पुढे आठवडाभर आधी. लहानग्याला फार आधी सांगितलं तर ते रोज नवी भीती रचत बसतं. "झोपवतील" एवढंच म्हणू नका, कारण मूल रात्री झोपायला घाबरू लागतं. "ही औषधाची झोप आहे, काम होईपर्यंत काही दुखत नाही आणि काम झालं की डॉक्टर औषध बंद करतात, मग तू जागा होतोस," असं पूर्ण वाक्य सांगा. "अजिबात दुखणार नाही" मात्र म्हणू नका. नंतर दुखेल, आणि त्यावर औषध मिळेल.

आता तक्ता. नेहमीचा हिशोब असा: जड किंवा तळलेलं खाणं नसेल तर घन पदार्थ आणि वरचं दूध भुलीच्या ६ तास आधी बंद, आईचं दूध ४ तास आधी, पाणी किंवा गाळलेला स्वच्छ रस २ तास आधी. काही भूलतज्ज्ञ पाणी १ तास आधीपर्यंतही चालवतात, त्यामुळे आपल्या डॉक्टरांनी दिलेली वेळच लिहा. पेटीतल्या तक्त्यात दूध "पेय" म्हणून पाण्याच्या रांगेत छापलंय, ही गंभीर चूक आहे. दूध पोटात जास्त वेळ राहतं, आणि भुलीत गिळण्या-खोकण्याची प्रतिक्षिप्त क्रिया थांबलेली असल्याने पोटातलं वर येऊन फुप्फुसात जाऊ शकतं. उलट, रात्री बारापासून पाणीही बंद ठेवलं तर मूल तहानेने चिडचिडं होऊन पोहोचतं. "शेवटचं काय, किती वाजता, कोणी दिलं" असा रकाना स्वतः आखा, कारण बिस्किट नेहमी लाडाने दुसराच कोणीतरी देतो. ऑपरेशन पुढे सरकलं तर पाणी द्यायचं का, हे सिस्टरना पुन्हा विचारा.

मोठ्यांसाठी पेटीत काहीच नाही, आणि तयारीची गरज त्यांनाच जास्त असते. वायूने भूल चढताना डोळे फिरतात, हातपाय हलतात, श्वास घोरल्यासारखा होतो. हे अपेक्षित असतं, पण सांगितलेलं नसेल तर आत गेलेली आई हादरते आणि तिची धास्ती मुलाला लगेच कळते. बाहेर आल्यावर दोन ते पाच वर्षांची मुलं कधी कधी ओळख न दाखवता रडतात, लाथा मारतात. सहसा अर्ध्या तासात शांत होतात. यासाठी सातवा पत्ता आम्ही हाताने काढून घातला. आणखी एक कागद जोडा: सर्दी, ताप, हलणारा दात, कुटुंबात कुणाला भुलीचा त्रास झाला असल्यास त्याची माहिती. यातलं काहीही असेल तर निघण्याआधीच फोन करायचा.

बाहुली तयारीत फारशी लागली नाही. ऑपरेशननंतर मात्र लागली. दोनेक आठवडे मुलं रात्री दचकतात, चिकटून राहतात, अंथरूण ओलं करतात, आणि दिवसा बाहुलीला पुन्हा पुन्हा सलाईन लावतात. त्या वेळी शिकवायला जाऊ नका. सिरिंज मुलाच्याच हातात राहू द्या.