लायटर पट्टीला लावला, बुटाला नाही

गेल्या डिसेंबरात साताऱ्यातल्या एका मंगल कार्यालयात तीन दिवसांचा बुटांचा सेल लागला होता. बाहेर फ्लेक्स होता: ‘एक्स्पोर्ट सरप्लस, अस्सल लेदर, हंटिंग व ट्रेकिंग बूट’. मी दोन जोड घेतले, एक मला आणि एक माझ्या भाच्याला. ३,८०० रुपयांचा एक, दोन्हीचे मिळून ७,६०० गेले. पैशाचं दुःख आहेच. पण वासोटा किल्ल्याच्या उतारावर भाच्याचा पाय मोडता मोडता वाचला आणि ते बूट मीच हौसेने त्याला घेऊन दिले होते, हे जास्त लागलं. असे सेलवाले एका गावात थांबत नाहीत. आज सातारा, उद्या कराड, परवा सांगली. म्हणून जे घडलं ते सगळं लिहिते.

आम्ही दर रविवारी चालणारी माणसं. अजिंक्यतारा, यवतेश्वर, सज्जनगड, थंडीत कधी बामणोलीकडे. भाचा वनस्पतीशास्त्र शिकतो, कास आणि ठोसेघरच्या बाजूला त्याच्या सतत फेऱ्या असतात. कापडी स्पोर्ट शूज आमच्याकडच्या रानाला पुरे पडत नाहीत. कासच्या जांभ्या दगडाच्या कडा कापड फाडतात, दवाने भिजलेल्या गवतात पाच मिनिटांत मोजे ओले होतात, पावसाळ्यात जळवा चढतात. काटा आरपार जातो तो वेगळाच. घोट्याच्या वरपर्यंत येणारा चामड्याचा बूट हवा, हे आमचं बरेच दिवस चाललं होतं. ‘हंटिंग बूट’ हे नाव परदेशातलं. तिकडे शिकारी दिवसभर चिखलातून, ओल्या गवतातून चालतात, त्यांच्यासाठी ते बनतात. आपल्याकडे १९७२ च्या वन्यजीव कायद्यानंतर शिकारीचा प्रश्नच उरला नाही, पण चिखल, काटे आणि ओलं गवत आहेच. त्यामुळे फ्लेक्स वाचून मी आत गेले.

विक्रेता तिशीतला, बोलायला फार गोड. “ताई, हात लावून बघा, घ्यायलाच पाहिजे असं नाही.” प्रत्येक बुटाच्या नाडीला चामड्याचा एक छोटा तुकडा दोऱ्याने बांधलेला होता, बोटाएवढी पट्टी. त्याने खिशातून लायटर काढला, पट्टीखाली धरला आणि म्हणाला, “रेक्झिन असतं तर वितळून टपकलं असतं. वास घ्या.” जळक्या केसांचा वास आला. चामडं जळताना तसाच वास येतो, हे मला माहीत होतं. वास ओळखीचा निघाला आणि माझी शंका तिथेच संपली.

सगळी फसवणूक त्या पट्टीत होती. पट्टी खरी होती. बूट नव्हता. जाळून दाखवायचं ते पट्टीला आणि विकायचा तो बूट. मी वास घेतला, मान डोलावली, आणि बुटाच्या कडेकडे एकदाही नीट बघितलं नाही.

सोलच्या वर काठाने पांढऱ्या दोऱ्याचे ठसठशीत टाके होते. तो म्हणाला, “हे गुडइयर वेल्ट आहे ताई. गुडइयर म्हणजे ती टायरवाली कंपनी, तिचंच रबर.” हे तर निखालस खोटं, पण मला तेव्हा कळलं नाही. गुडइयर वेल्ट ही शिवण्याची पद्धत आहे. रबर टिकाऊ करण्याची रीत शोधणाऱ्या चार्ल्स गुडइयर यांच्या मुलाच्या नावाने ती ओळखली जाते, एकोणिसाव्या शतकातली आहे. टायर कंपनी १८९८ साली निघाली, तिने त्या रबर शोधणाऱ्या बापाचं फक्त नाव घेतलं. बुटाच्या शिवणीशी तिचा काही संबंध नाही. या पद्धतीत बुटाच्या वरच्या भागाला, म्हणजे अप्परला, चामड्याची एक पट्टी गोल शिवतात आणि मग त्या पट्टीला सोल शिवतात. सोल झिजला की टाके उसवून नवा लावता येतो, म्हणून असा बूट वर्षानुवर्षं चालतो. जो माणूस वेल्ट सांगताना टायरचं नाव घेतो, त्याला आपण काय विकतो हे माहीत नाही, किंवा माहीत असून तो आपल्याला काहीतरी चिकटवतो आहे.

बिल मागितलं तर म्हणाला, “बिलबुक संपलंय, व्हॉट्सॲपवर पाठवतो.” पैसे यूपीआयने घेतले. स्क्रीनवर आलेलं नाव कुठल्याही दुकानाचं नव्हतं, एका व्यक्तीचं होतं. मी निमूट पैसे पाठवले. बिल आजतागायत आलेलं नाही.

तीन आठवडे बूट बरे वाटले. मग बोटांच्या वर, जिथे पाऊल वाकतं तिथे, माझ्या बुटाला बारीक भेगा दिसल्या. चामड्याला सुरकुत्या पडतात, त्या पडल्याच पाहिजेत. पण ही भेग नखाने खरवडल्यावर पापुद्रा निघाला, आणि खाली राखाडी, पिंजलेलं काहीतरी दिसलं. मी पॉलिश फासून ते झाकलं. इथे मी थांबायला हवं होतं, भाच्याला सांगायला हवं होतं.

जानेवारीत आम्ही सहा जण वासोट्याला गेलो. बामणोलीतून लाँचने शिवसागर जलाशय ओलांडायचा, वनखात्याच्या चौकीवर नावं आणि बरोबरचं प्लास्टिक नोंदवायचं, मग कोयना अभयारण्याच्या दाट झाडीतून चढायचं. परतीची लाँच सुटायच्या आत खाली पोचावं लागतं, त्यामुळे उतरताना रेंगाळता येत नाही. बाबूकडा बघून आम्ही उतरायला लागलो आणि अर्ध्या वाटेत भाचा ओरडला. त्याच्या उजव्या बुटाचा सोल टाचेपासून सुटून लोंबत होता. सुटलाही असा, की मधला थर बिस्किटासारखा चुरा होऊन वाटेवर सांडला होता. पाय मुरगळून तो कडेच्या झाडावर आदळला. झाड होतं म्हणून बरं. बॅगेच्या पट्ट्याने आणि दोन नाड्यांनी सोल आवळून बांधला. तो लंगडत उतरला, आम्ही आळीपाळीने त्याला धरलं. लाँचवाले दादा आमच्यासाठी थांबले, त्यांचे उपकार मी विसरणार नाही. घोटा तीन आठवडे सुजलेला होता.

दुसऱ्या दिवशी दोन्ही जोड घेऊन मी माझ्या नेहमीच्या चर्मकार मामांकडे गेले. मामांच्या घरात तीन पिढ्या हे काम चालतं. त्यांनी बूट हातात घेऊन वाकवला, कडेला बोट फिरवलं आणि म्हणाले, “ताई, घ्यायच्या आधी का न्हाई आनला माझ्याकडं? ह्ये बगा.” रापीने त्यांनी माझा बूट घोट्यापासून चवड्यापर्यंत उभा कापला. काप उजेडात धरला, तेव्हा मला पहिल्यांदा खरं दिसलं. वर चकचकीत प्लास्टिकचा पातळ पापुद्रा, त्यावर चामड्याची रंध्रं छापलेली. त्याखाली चामड्याचा भुगा डिंकात कालवून लाटलेला थर. त्याखाली कापड. शेजारी त्यांनी आपल्याकडचा बैलाच्या कातड्याचा तुकडा ठेवला. त्यात थर असे नव्हतेच. वरचा पृष्ठभाग घट्ट, खाली धागे एकमेकांत गुंतत गेलेले, मध्ये कुठे रेघ नाही.

मामांनी समजावलं ते माझ्या शब्दांत सांगते. जनावराचं कातडं जाड असतं, कारखान्यात ते आडवं चिरतात. वरचा थर, ज्यावर रंध्रं असतात, तो सगळ्यात मजबूत. तो न घासता तसाच ठेवला तर त्याला फुल ग्रेन म्हणतात. खालचा थर म्हणजे स्प्लिट. तोही चामडंच, पण भुसभुशीत, म्हणून त्यावर प्लास्टिकचा लेप देऊन विकतात. आणि उरलेल्या कातरणाचा भुगा चिकटवून करतात ते बॉन्डेड. बाजारात तिन्हींवर ‘लेदर’ लिहिलेलं सापडतं. नुसत्या ‘जेन्युइन लेदर’ या शिक्क्याला रानात काही किंमत नाही.

वेल्टचे टाकेही खोटे होते. ती पट्टी सोलच्याच रबरात ओतलेली होती आणि पांढरा दोरा नुसता वरवर घातलेला. मामांनी सुई घालून दोरा उचलला, तो दोन बोटं सहज निघून आला. अप्पर आणि पट्टी यांच्या फटीत अंगठ्याने हलकं ताणून पाहा: खऱ्या शिवणीत आत दोरा दिसतो. आमच्या बुटात तिथे चिकटवायचं पिवळं सोल्युशन दिसलं.

सोलचा चुरा का झाला, हे भाच्याने शोधून काढलं. हलक्या बुटांचा मधला थर बऱ्याचदा पॉलियुरेथेनचा, म्हणजे फोमसारख्या प्लास्टिकचा असतो. हवेतला दमटपणा त्याला हळूहळू आतून तोडतो. बूट वापरला नाही, खोक्यात पडून राहिला, तरी काही वर्षांत तो ठिसूळ होतो. म्हणजे आमचे बूट गोदामात कित्येक वर्षं पडलेले. खोक्यावरचं तारखेचं स्टिकर खरवडलेलं होतं, तेव्हा मला वाटलं किंमत खोडली असेल.

आणि एक गोष्ट मला अजून झोपू देत नाही. बुटाच्या जिभेच्या आत छोटं लेबल होतं, त्यावर तीन चित्रं. युरोपात विकायच्या पादत्राणांवर अप्पर, अस्तर आणि सोल कशाचे आहेत हे चित्रांनी किंवा शब्दांनी दाखवावं लागतं, १९९४ सालचा तो नियम आहे. पसरलेल्या कातड्याचा आकार म्हणजे चामडं. त्या आकाराच्या पोटात शंकरपाळ्यासारखी चौकट असेल तर लेप दिलेलं चामडं. जाळी म्हणजे कापड. आणि नुसतं शंकरपाळं असेल तर चामडं नाही, कापड नाही, प्लास्टिक वगैरे दुसरं काही. आमच्या बुटाच्या अप्परसमोर नुसतं शंकरपाळं होतं. बूट स्वतःबद्दल खरं सांगत होता. मला वाचता आलं नाही.

तक्रारीचं सांगते. मंगल कार्यालयाच्या व्यवस्थापकांकडे गेले, त्यांच्याकडे बुकिंग एका मध्यस्थाच्या नावाने होतं आणि त्याने हात वर केले. विक्रेत्याचा नंबर बंद. १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवली. जिल्हा ग्राहक आयोगात २ वर्षांच्या आत जाता येतं, ५ लाखांपर्यंतच्या खरेदीला तिथे शुल्क नाही, हे मला आधी ठाऊक नव्हतं. पण समोरच्याचा पत्ताच नसेल तर नोटीस कुणाला काढायची? एक पक्कं बिल हातात असतं तर ही वेळ आली नसती. माझ्याकडे यूपीआयचा व्यवहार क्रमांक आणि फ्लेक्सचा फोटो एवढंच आहे, तेच जोडलं आहे.

आता आम्ही नवे बूट घेतले, तेव्हा मामांना बरोबर नेलं. त्यांनी पहिल्यांदा नाडीच्या भोकाशी आणि घोट्याच्या वरच्या काठाशी कापलेली कड बघितली. तिथे काठ दुमडून शिवलेला असेल तर दुकानदाराला एखादी उघडी कड दाखवायला सांगा. मग अंगठ्याने दाबलं: खऱ्या चामड्यावर दाबाभोवती बारीक, वेड्यावाकड्या सुरकुत्या येतात, प्लास्टिकवर नुसता खड्डा पडतो. जीभ दोन्ही बाजूंनी आत शिवलेली आहे का तेही पाहिलं, नाहीतर तिथून पाणी आणि खडे शिरतात. माप संध्याकाळी घेतलं, तेव्हा पाय थोडे फुगलेले असतात. जाड मोजे घालून, दुकानाच्या जिन्यावरून उतरून पाहिलं. उतरताना अंगठा पुढे आदळला तर एक नंबर मोठा घ्यायचा.

नव्या बुटांनी थेट लांब जायचं नाही. आठ-दहा दिवस सकाळी अजिंक्यताऱ्याची चढउतार केली, मग चामडं पायाच्या आकाराला आलं. घरी आल्यावर चिखल आधी ओल्या फडक्याने काढते, कारण वाळता वाळता चिखल चामड्यातलं तेल ओढून घेतो. आतला तळवा बाहेर काढायचा, वर्तमानपत्राचे बोळे भरायचे, दोन तासांनी बदलायचे, आणि सावलीत वाऱ्याला ठेवायचे. चुलीपुढे किंवा उन्हात ठेवलेलं चामडं आक्रसतं आणि तडकतं, माझ्या वडिलांचे चांगले बूट असेच गेले होते. खोबरेल तेल ओतू नका. जास्त तेलाने चामडं लिबलिबीत होतं आणि घोट्याला आधार उरत नाही. मी महाबळेश्वरकडून आणलेलं मधमाशीचं मेण थोडं कोमट करून पातळ हात देते, टाक्यांवर जरा जास्त. पावसाळ्यात पेटीत कोंडायचे नाहीत, बुरशी धरते. ब्रशने झाडून उघड्यावर ठेवायचे.

गेल्या रविवारी कराडला लग्नाला गेले होते. परतताना तसाच फ्लेक्स दिसला, तीच अक्षरं. आत विक्रेता दुसरा होता, पण प्रत्येक नाडीला तीच बोटाएवढी पट्टी. कॉलेजातली दोन मुलं बूट पायात घालून बघत होती आणि तो लायटर काढत होता. मी म्हटलं, “दादा, पट्टीला नको, बुटाच्या आतल्या कडेला लावा. वितळलं नाही तर मी विकत घेते.” तो म्हणाला, “मॅडम, माल खराब होतो.” मी जिभेच्या आतलं लेबल उलटून त्या मुलांना शंकरपाळं दाखवलं. दोघांनी बूट काढून ठेवले आणि माझ्याबरोबर बाहेर आले.