पिस्टन बदललाच नव्हता: चेन सॉ दुरुस्तीत झालेली फसवणूक

कळमेश्वरजवळ आमची संत्र्याची बाग आहे. आंबिया बहारासाठी (हिवाळ्याच्या शेवटी येणाऱ्या फुलोऱ्यासाठी) ताणावर सोडलेल्या, म्हणजे पाणी तोडलेल्या झाडांची सल, म्हणजे वाळलेल्या फांद्या काढायला मी चार वर्षांपासून पेट्रोलवर चालणारी ५८ सीसीची चेन सॉ (लाकूड कापायची साखळी-करवत) वापरतो. मागच्या हंगामानंतर टाकीतले पेट्रोल न काढताच ती ठेवून दिली, ही माझी चूक. डिसेंबरात ती सुरू होईना, म्हणून नागपुरातल्या एका दुरुस्तीच्या दुकानात नेली.

दुकानदाराने दोन-तीन वेळा दोरी ओढली आणि एकही स्क्रू न उघडता सांगितले, "काकाजी, पिस्टन पकडला, सिलिंडरात अडकला. आता पूर्ण किटच टाका लागते." दोन दिवसांनी सिलिंडर-पिस्टन किट, प्लग आणि मजुरी मिळून ४,२०० रुपये घेतले आणि कच्च्या चिठ्ठीवर नुसती रक्कम लिहून दिली. मी जुना भाग मागताच त्याने वर्तमानपत्रात गुंडाळलेला, काळवंडलेला आणि उभ्या ओरखड्यांनी भरलेला पिस्टन हातात ठेवला. तो पाहून माझी उरलीसुरली शंकाही गेली.

बागेत मशीन जेमतेम अर्धा तास चालली आणि नंतर रेस दिली की बंद पडू लागली. परत नेली तर उत्तर मिळाले की तुम्हीच ऑइल कमी टाकले असेल, त्यामुळे इंजिनाची हमी नाही. हे मला फार लागले, कारण मी लिटरमागे ४० मिलिलिटर टू-स्ट्रोक ऑइल मापाच्या बाटलीनेच घालतो.

शेवटी काटोलच्या एका जुन्या मेकॅनिककडे गेलो. त्यांनी प्लग काढला, तो कोरडा होता. प्लगच्या भोकात मिश्र पेट्रोलचे चार थेंब टाकून दोरी ओढली, तेव्हा इंजिन क्षणभर पेटले आणि विझले. म्हणजे ठिणगी आणि दाब दोन्ही ठीक होते, फक्त इंधन पोहोचत नव्हते. मग त्यांनी सायलेन्सरचे बोल्ट काढून टॉर्चच्या उजेडात आतला पिस्टन दाखवला. त्याच्या माथ्यावर कित्येक महिन्यांच्या कामाचा कार्बन जाड बसला होता आणि ऑइल कमी पडल्यास एक्झॉस्टच्या, म्हणजे धूर बाहेर पडतो त्या बाजूला ज्या रेघा उमटतात, त्यांतली एकही तेथे नव्हती. सिलिंडर थंड ठेवणाऱ्या बाहेरच्या पात्यांमध्ये आणि बुडाच्या बोल्टांभोवती संत्र्याच्या लाकडाचा भुसा तेलात भिजून दगडासारखा घट्ट बसलेला होता; ते बोल्ट एकदा जरी सैल झाले असते, तरी तो थर फुटल्याशिवाय राहिला नसता. माझा "जुना" पिस्टन त्यांनी व्हर्नियरने (बारीक माप घेण्याच्या पट्टीने) मोजला तर तो ४० मिलिमीटरचा निघाला, आणि माझ्या मशीनला सुमारे ४५ मिलिमीटरचा लागतो. तो कुणाच्या तरी ग्रास कटरचा असावा.

खरा बिघाड इंजिनाला पेट्रोल-हवेचे मिश्रण पुरवणाऱ्या कार्बोरेटरमध्ये होता. त्याचा रबरी पडदा वाळून कागदासारखा कडक झाला होता आणि टाकीतली इंधन नळी चिरली होती. पडद्याचा संच, नळी, फिल्टर आणि मजुरी मिळून ४५० रुपयांत मशीन पूर्ववत झाली. पहिल्या दुकानदाराने पैसे परत देण्यास साफ नकार दिला, आणि पक्के बिल नसल्यामुळे तक्रारीत दाखवायला माझ्या हाती काहीच नव्हते.

म्हणून कळकळीने सांगतो, पिस्टन गेला असे कुणी म्हटले तर सायलेन्सर आपल्यासमोर काढायला लावा. त्याला पाच मिनिटेही लागत नाहीत. मशीन देण्यापूर्वी सिलिंडरच्या बोल्टांवर रंगाचा ठिपका द्या आणि फोटो काढून ठेवा. जुना भाग नुसता घेऊ नका, मोजून घ्या. बिलावर प्रत्येक भागाचे नाव आणि किंमत लिहून घ्या, म्हणजे १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर किंवा जिल्हा ग्राहक आयोगाकडे जाता येते. हल्ली पंपावरच्या पेट्रोलमध्ये २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असते, ते हवेतली ओल शोषून घेते आणि साठून राहिले की रबरी भागांना मारक ठरते. म्हणून हंगाम संपताच टाकी रिकामी करा आणि मशीन आपोआप बंद पडेपर्यंत चालवूनच ठेवा.