छोट्या शहरात कोण कोण राहतं: अमेरिकी जनगणनेच्या डेटा संकेतस्थळाचं परीक्षण

अमेरिकेतल्या एखाद्या छोट्या शहरात गोरे किती, आशियाई किती आणि त्यांत भारतीय किती, हे फुकटात, लॉगिन न करता आणि मूळ आकड्यांसह पाहायचं तर डेटा डॉट सेन्सस डॉट गव्ह या सरकारी संकेतस्थळावरच जावं लागतं. जनगणना खात्याचं जुनं संकेतस्थळ अमेरिकन फॅक्टफाइंडर ३१ मार्च २०२० ला बंद झालं, तेव्हापासून सगळे आकडे इथेच आहेत. आकड्यांच्या दर्जाला पाचपैकी पाच गुण द्यावेत. शोधण्याच्या सोयीला मात्र तीनच, कारण इथे चुकीचं टेबलही बरोबर टेबलाइतकंच नीटनेटकं दिसतं आणि वापरणाऱ्याला चुकल्याची शंकाही येत नाही. ॲपलचं मुख्यालय असलेलं कॅलिफोर्नियातलं क्युपर्टिनो इथे नमुन्याला घेतलं आहे. २०२० च्या जनगणनेत तिथे ६०,३८१ लोक होते.

शोधपट्टीत नुसतं शहराचं नाव टाकलं की प्रोफाइल उघडतं. त्यात २०२० ची जनगणना आणि नमुना सर्वेक्षण या दोन्हींचे आकडे शेजारी शेजारी असतात, त्यामुळे त्यावर काम भागवू नये. ॲडव्हान्स्ड सर्चमध्ये जाऊन जिऑग्रफी, मग प्लेस, मग राज्य आणि शहर निवडावं. त्यानंतर शोधपट्टीत टेबलाचा कोड रोमन अक्षरांत टाकावा. वंशासाठी पी१, आणि हिस्पॅनिक, म्हणजे मूळ स्पॅनिशभाषक देशांतले, लोक वेगळे काढून वंश पाहायचा असेल तर पी२. इथे पहिली ठेच लागते. हेच कोड वेगवेगळ्या संचांत वेगवेगळ्या टेबलांना दिलेले आहेत. मतदारसंघ-फेररचनेच्या संचात, म्हणजे रीडिस्ट्रिक्टिंग डेटामध्ये, पी२ हे हिस्पॅनिक आणि वंशाचं टेबल आहे. डीएचसी नावाच्या संचात मात्र पी२ म्हणजे शहरी-ग्रामीण लोकसंख्या, आणि वंशाचं टेबल पी३. टेबलाच्या डोक्यावर लिहिलेलं संचाचं नाव आणि वर्ष वाचल्याशिवाय एकही आकडा उचलू नये.

न्यू जर्सीवाल्यांची अडचण वेगळी. एडिसन ही टाउनशिप आहे, त्यामुळे ती प्लेसऐवजी काउंटी सबडिव्हिजनखाली, म्हणजे जिल्ह्याच्या उपविभागांत, शोधावी लागते. उलट इझलिन हे वुडब्रिज टाउनशिपच्या आतलं, जनगणनेपुरतं आखलेलं ठिकाण आहे आणि ते प्लेसमध्ये सापडतं. म्हणून या दोन्हींतून जाणाऱ्या ओक ट्री रोडच्या दोन टोकांचे आकडे एका यादीत घ्यायचे तर दोन वेगवेगळ्या पायऱ्यांवरून आणावे लागतात.

आता टेबल कसं वाचायचं ते. अर्जावर वंश आणि हिस्पॅनिक मूळ हे दोन स्वतंत्र प्रश्न आहेत. क्युपर्टिनोचे २०१० चे आकडे पाहा: गोरे १८,२७०, कृष्णवर्णीय ३४४, मूळ अमेरिकी ११७, आशियाई ३६,८९५, पॅसिफिक बेटांवरचे ५४, इतर वंशाचे ६७० आणि दोन किंवा अधिक वंशांचे १,९५२. बेरीज ५८,३०२, आणि तीच शहराची तेव्हाची लोकसंख्या. हिस्पॅनिक २,११३ होते, पण ते या सात गटांतच विखुरलेले आहेत. आठवा गट समजून ते मिळवले की ६०,४१५ येतात. योगायोगाने हा आकडा २०२० च्या लोकसंख्येच्या इतका जवळ आहे की चूक पटकन ध्यानात येत नाही. शंभर टक्क्यांची फोड हवी असेल तर पी२ मधली हिस्पॅनिकांची ओळ आणि खालचे बिगर-हिस्पॅनिक गट घ्यावेत. त्यांची बेरीज नेमकी जुळते.

२०१० आणि २०२० ची तुलना तर अतिशय जपून करावी. देशभरात दोन किंवा अधिक वंश सांगणाऱ्यांचं प्रमाण २.९ टक्क्यांवरून १०.२ टक्क्यांवर गेलं, आणि फक्त ‘गोरे’ म्हणून नोंदलेले ८.६ टक्क्यांनी घटले. दहा वर्षांत माणसं एवढी बदलली नाहीत. बदलला तो प्रश्न आणि नोंदवण्याची रीत. २०२० मध्ये गोऱ्या आणि कृष्णवर्णीय लोकांनाही आपलं मूळ लिहायला जागा मिळाली. पूर्वी लिहिलेल्या उत्तरातली पहिली ३० अक्षरं वाचून जास्तीत जास्त दोन कोड देत, आता २०० अक्षरं वाचून सहापर्यंत कोड देतात. छोट्या शहरात मिश्र वंशाचे लोक एकदम तिपटीने वाढलेले दिसले तर हे आधी आठवावं. सोबत शहराची हद्दही तपासावी. मधल्या काळात शेजारची वस्ती हद्दीत घेतली असेल तर तुलना तिथेच लंगडी पडते. शहरात विद्यापीठाचं वसतिगृह किंवा तुरुंग असेल तर तिथले लोकही त्याच शहरात मोजलेले असतात. फेररचनेच्या संचातलं पी५ टेबल त्यांची संख्या देतं.

आणखी एक गोष्ट संकेतस्थळाने ठळकपणे सांगायला हवी होती. कोणाची माहिती उघडी पडू नये म्हणून २०२० च्या आकड्यांत मुद्दाम थोडी ढवळाढवळ केलेली आहे. लोकसंख्येच्या आकड्यांपैकी राज्याची एकूण लोकसंख्या तेवढी जशीच्या तशी ठेवली आहे. शहराच्या पातळीवर मोठ्या गटांना याने फरक पडत नाही. पण ४०–५० माणसांच्या गटावर किंवा एखाद्या गल्लीच्या ब्लॉकवर निष्कर्ष काढणं धोक्याचं आहे.

जनगणना दहा वर्षांतून एकदा, म्हणून मधल्या वर्षांसाठी लोक अमेरिकन कम्युनिटी सर्व्हेकडे, म्हणजे एसीएसकडे, वळतात. तो दरवर्षी सुमारे ३५ लाख पत्त्यांवर जातो. एका वर्षाचे नेहमीचे आकडे फक्त ६५,००० किंवा अधिक वस्तीच्या ठिकाणांसाठी निघतात, म्हणून क्युपर्टिनोला पाच वर्षांच्या सरासरीवरच काम भागवावं लागतं. डीपी०५ हे त्यातलं सर्वांत सोपं टेबल, तर बी०३००२ मध्ये हिस्पॅनिक आणि वंश नीट वेगळे मिळतात. लागोपाठच्या दोन आवृत्त्या कधीही शेजारी ठेवू नयेत. २०१८–२२ आणि २०१९–२३ यांत चार वर्षं समाईक आहेत. २०१४–१८ आणि २०१९–२३ अशी तुलना चालते.

या आकड्यांशेजारचा मार्जिन ऑफ एररचा, म्हणजे अंदाज किती इकडे-तिकडे असू शकतो त्याचा, रकाना लपवता येतो. लपवू नका. समजा, एका गटाचा अंदाज ३०० आणि मार्जिन १८० आहे. १८० ला १.६४५ ने भागलं की प्रमाण त्रुटी सुमारे १०९ येते, म्हणजे अंदाजाच्या ३६ टक्के. अशा आकड्यावर कुठलाही निर्णय घेऊ नये. दोन गट एकत्र करताना मार्जिनची साधी बेरीज करायची नाही, वर्गांच्या बेरजेचं वर्गमूळ काढायचं. १८० आणि २४० असतील तर उत्तर ३०० येतं.

फाइल उतरवताना एकच टेबल हवं असेल तर एक्सेल ठीक. अनेक शहरं असतील तर झिप घ्यावी. तिच्या डेटा फाइलची दुसरी ओळ म्हणजे रकान्यांची लांबलचक नावं असते. ती काढली नाही तर अनेक प्रोग्रॅम संपूर्ण रकाना मजकूर समजतात आणि बेरीज नीट होत नाही.

याच खात्याचं क्विकफॅक्ट्स हे झटपट पान ५,००० च्या वरच्या गावांसाठी सोयीचं आहे, पण त्यावर शहराचा वंश एसीएसमधून येतो आणि काउंटीचा लोकसंख्या-अंदाज कार्यक्रमातून. त्या दुसऱ्यात ‘इतर वंश’ हा गटच नाही. शहर आणि काउंटी शेजारी ठेवून तुलना करणारे तिथे हमखास फसतात.

भारतीय किती, याचं सर्वांत चांगलं उत्तर डिटेल्ड डीएचसी-ए या संचात आहे. तो सप्टेंबर २०२३ मध्ये आला. त्यात टी०१००१ टेबल उघडून वंश-गटाचा फिल्टर लावावा लागतो आणि एशियन इंडियन निवडावं लागतं. ‘फक्त’ आणि ‘मिश्र धरून’ असे दोन पर्याय येतात, आणि कोणता घेतला हे आकड्यासोबत लिहायलाच हवं. देशपातळीवर ‘फक्त’ मोजलं तर ४३,९७,७३७ जणांसह भारतीय हा सर्वांत मोठा आशियाई गट ठरतो, ‘मिश्र धरून’ मोजलं तर चिनी पुढे जातात. याच यादीत शीख हा स्वतंत्र गट आहे. मराठी नाही.

मराठी शाळेसाठी किंवा महाराष्ट्र मंडळासाठी मुलं-माणसं किती असतील, हे पाहणाऱ्यांनी म्हणून वंशाची टेबलं सोडून भाषेकडे जावं. एसीएसच्या बी१६००१ टेबलात ‘नेपाळी, मराठी किंवा इतर भारतीय-आर्य भाषा’ अशी एक ओळ २०१६ पासून आहे. पण छोट्या शहरासाठी हे टेबल सहसा मिळत नाही. तिथे सी१६००१ मिळतं, आणि त्यात मराठी ‘इतर इंडो-युरोपीय’ या गटात जाते. हिंदी आणि गुजरातीसोबत इटालियन, पोर्तुगीज, फारसीही त्याच ओळीत, तर तमिळ-तेलुगू आशियाई आणि पॅसिफिक भाषांत. म्हणून क्युपर्टिनोऐवजी ते ज्यात येतं त्या सांता क्लारा काउंटीचं बी१६००१ काढावं. किमान एक लाख वस्तीचा प्यूमा हा विभागही चालतो. बी१६००१ मधल्या त्या ओळीत नेपाळीही मिसळलेली आहे, म्हणून तो आकडा मराठीची कमाल मर्यादा धरावा आणि मंडळाच्या सभासद-यादीशी ताडून पाहावा.